दोन हिरव्या पट्ट्या

स्काउटच्या गणवेशातली सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे हिरव्या फितीचे दोन तुकडे. शर्टाच्या डाव्या खिशावर ते शिवले की मुलगा संघनायक झाला. एकच तुकडा असेल तर उपसंघनायक, तीन असतील तर अख्ख्या पथकाचा नायक. राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार, जांबोरी यांचे फोटो शाळेच्या वार्षिक अंकात छापून येतात. फितींचा फोटो कोणी काढत नाही. चळवळ मात्र या फितींवरच चालते. तेरा वर्षांच्या एका मुलाच्या ताब्यात सहा-सात मुलं द्यायची. त्यांचा तंबू, त्यांचा स्वयंपाक, त्यांची भांडणं त्यानं बघायची आणि मोठ्या माणसानं हात मागे बांधून लांब उभं राहायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. मास्तरांनाही आणि पालकांनाही.

ही कल्पना एका लष्करी अधिकाऱ्याची, हे जरा गमतीचंच. रॉबर्ट बेडन-पॉवेल दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगच्या वेढ्यात 217 दिवस अडकला होता. 1899-1900 ची ही गोष्ट. लढायला माणसं कमी पडत होती, म्हणून गावातल्या पोरांना निरोप पोचवण्याच्या, टेहळणीच्या कामाला लावलं गेलं आणि ती कामं पोरांनी चोख केली. मुलांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात, हे त्याच्या डोक्यात तिथं बसलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर त्यानं वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं बड्या घरची, मोठ्या नामांकित शाळांतली. बाकीची जवळपासच्या गावांतल्या कष्टकरी घरांतली. त्यांचे चार संघ पाडले: लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू पक्षी. प्रत्येक संघ एकेका मुलाच्या हवाली. पुढच्या वर्षी त्यानं पुस्तक लिहिलं, ते पंधरवड्याला एक अशा सहा भागांत निघालं. ते वाचून इंग्लंडभर पोरांनी आपापले संघ काढले, हातात काठ्या घेतल्या आणि मग एखादा मोठा माणूस शोधायला निघाली. संघटना, कार्यालय, आयुक्त हे सगळं मागून आलं. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, पण ते पुढे येईलच.

भारतात पहिलं पथक 1909 साली बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत कॅप्टन टी. एच. बेकर यांनी सुरू केलं. मुलींचं गाईड पथक दोन वर्षांनी जबलपूरला. दोन्ही फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलाच्या हातात दोरी आणि होकायंत्र द्यायची सरकारची तयारी नव्हती. न जाणो, तो कुठल्या दिशेला जाईल. मग देशी माणसांनी आपली वेगळी चूल मांडली. ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 1916 मध्ये मद्रासला, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी 1918 मध्ये अलाहाबादला सेवा समितीच्या नावानं. त्याच वर्षी प्रयागचा कुंभ होता. जत्रेत हरवलेली माणसं शोधून देणं, गर्दीला वाट दाखवणं, तहानलेल्याला पाणी देणं या कामांतून आपल्याकडचं स्काउटिंग उभं राहिलं. बेडन-पॉवेलच्या पुस्तकात जंगल होतं, आपल्या पोरांच्या वाट्याला जत्रा आली. मला वाटतं, त्यामुळेच ते इथल्या मातीत टिकलं.

खुद्द बेडन-पॉवेल 1921 मध्ये भारतात येऊन गेला. 1937 च्या भेटीनंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यानं काढलेल्या अनुदार उद्गारांवरून मोठा गदारोळ झाला आणि 1938 मध्ये अनेकांनी त्याच्या संघटनेला रामराम ठोकून हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी केली. स्वातंत्र्यानंतर ही फाटाफूट सांधायला पंडित नेहरू, मौलाना आझाद आणि मंगलदास पक्वासा यांनी पुढाकार घेतला. पक्वासा तेव्हा नागपूरला मध्य प्रांत-वऱ्हाडचे राज्यपाल होते. त्याच नागपुरात उच्च न्यायालयात बसणारे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती विव्हियन बोस हे जुने, हाडाचे स्काउट. 7 नोव्हेंबर 1950 रोजी ‘भारत स्काउट्स’ एक झाले आणि 15 ऑगस्ट 1951 रोजी गाईड्स त्यांना येऊन मिळाल्या. आज सभासद साठ लाखांच्या आसपास, म्हणजे जगात इंडोनेशियाच्या खालोखाल. महाराष्ट्राच्या राज्य संस्थेचं ठिकाण दादरला शिवाजी पार्कच्या कडेला आहे. मैदानावर क्रिकेट बघायला जाणाऱ्या हजारोंनी ती इमारत पाहिलेली असते, आत मात्र फारसं कोणी गेलेलं नसतं.

एक आडवळण घेतोच. लहान मुलांच्या, म्हणजे कबच्या पथकप्रमुखाला जगभर ‘अकेला’ म्हणतात. 1916 मध्ये हा विभाग सुरू करताना बेडन-पॉवेलनं किपलिंगच्या जंगल बुकातले लांडगे उचलले. किपलिंग जन्मला मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, आणि मोगलीचं जंगल सिवनीचं, नागपूरच्या थोडं उत्तरेला. तो कळप विलायतेला जाऊन गणवेश घालून परत आला. आता सोलापूर-जालन्याची पोरं शाळेच्या अंगणात गोल करून उकिडवी बसतात आणि लांडग्यासारखी ओरडतात, तेव्हा आपलीच गोष्ट आपल्याला परत सांगितली जात असते, हे त्यांच्या सरांनाही माहीत नसतं.

सातारा जिल्ह्यात ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या माध्यमिक शाळेत तीन संघांचं एक पथक आहे: वाघ, गरुड आणि मोर. नियमानं एका पथकात बत्तीसपर्यंत मुलं चालतात, इथं वीस-बावीस आहेत. सर गणित शिकवतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पथक मागच्या लिंबाखाली जमतं. ध्वज, प्रार्थना, निरीक्षण, खेळ, मग शिकणं. गरुड संघाचा नायक आठवीत आहे. वडील ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर, आई घरची दोन जनावरं बघून डेअरीला दूध घालते.

हा मुलगा पाचवीत पथकात आला तो शिट्टीसाठी. पांढऱ्या दोरीत ओवलेली, खांद्यावरून खिशात जाणारी शिट्टी त्यानं एका मोठ्या मुलाकडे पाहिली होती. प्रत्येकाला एक मिळते अशी त्याची समजूत होती. आत आल्यावर कळलं, शिट्टी नायकाची. “तवाच ठरवलं, आपण नायक व्हायचं,” असं तो सांगतो आणि हसतो. ध्येय कशावरून ठरतं याबद्दल मोठ्यांनी फार सोवळं असू नये. देशसेवेसाठी पाचवीत कोणीच येत नाही.

आधी प्रवेश. नियम, वचन, डावखुरं हस्तांदोलन, तीन बोटांचा सलाम आणि महिनाभराची सत्कृत्यांची वही. रोज एक चांगलं काम करायचं आणि लिहायचं. याच्या वहीत पहिले अकरा दिवस ‘आजीला गोळी दिली’ असंच होतं. सरांनी विचारलं, “अरे, आजीला गोळी रोजच लागते. तू नसतास तर कोणी दिली नसती का?” पुढच्या पानांवर मग शेजारच्यांची शेळी विहिरीच्या कठड्यावरून खाली घेतली, एसटीत एका बाईंचं गाठोडं चढवून दिलं, अशा नोंदी सुरू झाल्या. एक नोंद फक्त ‘आज काही सापडलं नाही’ एवढीच आहे. सरांनी तिच्याखाली बरोबरची खूण केली आहे.

मग पायऱ्या: प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. एकेकीला सहा-नऊ महिने लागतात, म्हणजे पाचवी-सहावीत चढायला लागलेला मुलगा दहावीच्या सुमाराला वर पोचतो. पहिल्या पायरीवर गाठी. रीफ नॉट सारख्या जाडीच्या दोन दोऱ्या जोडायला आणि पट्टी बांधायला, कारण ती सपाट बसते, रुतत नाही. जाडी कमी-जास्त असेल तर शीट बेंड. खांबाला दोर अडकवायला क्लोव्ह हिच. दोर न कापता आखूड करायला शीपशँक. पुढे बोलाइन, जिचा फास आवळत नाही आणि म्हणून पाण्यातल्या माणसाच्या कमरेला तीच टाकायची. या मुलाला क्लोव्ह हिच आधीच येत होती. गोठ्यातल्या खुंट्याला म्हैस बांधताना तो तीच मारायचा, फक्त तिला इंग्रजी नाव आहे हे माहीत नव्हतं. त्या शनिवारी शहरातून बदलून आलेल्या तहसील कार्यालयातल्या साहेबांच्या मुलाला त्यानं गाठ शिकवली. वर्गात या दोघांचे बाक लांब आहेत.

खेळांपैकी मला सगळ्यात आवडतो तो किमचा खेळ. किपलिंगच्याच ‘किम’ कादंबरीतून आलेला. ताटात वीस-बावीस वस्तू मांडायच्या: खडू, सेफ्टी पिन, बाटलीचं बूच, रुद्राक्ष, तिकीट, चाळिशीची काच. वर स्कार्फ. एक मिनिट स्कार्फ काढायचा, मग झाकून आठवून लिहायचं. गरुडांनी एक युक्ती काढली आहे: सात जणांनी ताट वाटून घ्यायचं, प्रत्येकानं आपल्या वाट्याचं तेवढंच बघायचं. नियमात बसतं की नाही यावर मोरांशी बराच वाद झाला. सर मधे पडले नाहीत. शेवटी ‘कोर्ट ऑफ ऑनर’मध्ये विषय गेला. तिन्ही नायक बसतात, ठराव करतात, वहीत लिहितात. सर सल्ला देतात, मत देत नाहीत. निकाल लागला: वाटून घ्यायला हरकत नाही, पण मग मोरांनीही घ्यावं. मागच्या शिबिरात दोन मुलं गुपचूप वडापावच्या गाडीवर गेली होती, तो खटलाही याच न्यायालयात चालला. शिक्षा झाली अख्ख्या पथकाची भांडी घासण्याची, आणि त्यातला एक आरोपी गरुड होता. नायकानं आपल्याच मुलाविरुद्ध मत दिलं. “नसतं दिलं तर वाघवाल्यांनी पुढच्या वेळी आमचं ऐकलं नसतं,” हे त्याचं कारण. ही समज नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून यायला किती वर्षं लागतात, हे आपण आजूबाजूला बघतोच.

नायक म्हणून त्याचं पहिलं शिबिर थंडीतलं. माळावर तंबू, पुढ्यात बांबू आणि सुतळीचं लॅशिंग करून केलेली बुटांची मांडणी, ताटं ठेवायची फळी, टॉवेलची दोरी. द्वितीय सोपानात चूल पेटवायला फार तर दोन काड्या मिळतात. लाकडं आणायला गेलेल्या मुलानं बाभळीची ओली फांदी ओढून आणली. पहिली काडी वाऱ्यानं गेली, दुसरी धुरात गेली. गरुडांचं जेवण दोन तास उशिरा झालं आणि खिचडी खालून करपलेली, वरून कच्ची. निरीक्षणात शेवटचा नंबर. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, फिती काढून द्याव्यात.

रात्री त्याहून मोठं काम निघालं. संघातला सर्वांत धाकटा, पाचवीतला, तोंडावर पांघरूण घेऊन रडायला लागला. आईची आठवण. नायक सरांच्या तंबूकडे गेला. “सर, तो रडतोय.” सर म्हणाले, “तुझ्या संघातला ना तो?” बस्स, एवढंच. पोरगं परत फिरलं. मग त्यानं काय केलं? “काय करणार सर, मला बी रडायला येत हुतं. मग आमी दोघं बाहेर बसलो. त्याला म्हशीचं सांगितलं, आमची म्हैस कशी पळाली ते. मग झोपला.” सकाळी त्यानं त्या धाकट्याला चुलीचं काम दिलं. सुकलेली काटकी कशी ओळखायची, तर मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे, हे त्याला दाखवलं. दुसऱ्या दिवशी एका काडीत चूल पेटली.

सरांचं वागणं मला कोरडं वाटलं होतं, आणि मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, “मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. तंबूच्या फटीतून दोघं दिसत होते. पण त्याला ते कळलं असतं, तर तो पुन्हा माझ्याकडेच आला असता.” स्काउट मास्तरची सगळी विद्या एवढीच आहे, असं म्हटलं तरी चालेल. ती शिकवायला मात्र मोठा खटाटोप असतो: बेसिक कोर्स, ॲडव्हान्स कोर्स, मग हिमालय वूड बॅज. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात शिक्षक पुन्हा विद्यार्थी होतात, त्यांचेही संघ पाडले जातात, त्यांचीही खिचडी करपते. शेवटी गळ्यात चामड्याची दोरी आणि तिच्यात दोन लाकडी मणी. पहिले मणी झुलू राजा दिनुझुलूच्या माळेतले होते. 1919 मध्ये लंडनजवळच्या गिलवेल पार्कमधल्या पहिल्या प्रशिक्षणानंतर ते वाटले गेले. साम्राज्याच्या लढाईतली लूट मास्तरांच्या गळ्यात भूषण म्हणून आली. या चळवळीच्या पोटात अशा बऱ्याच गोष्टी आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. आपल्या सरांनी ते मणी कपाटात ठेवले आहेत. चामड्याचा वास येतो म्हणतात.

वारीचा दिवस हा या पथकाचा खरा मेळावा. शाळा नुकतीच सुरू झालेली असते, नवीन मुलांच्या स्कार्फची घडीसुद्धा मोडलेली नसते, आणि गावात लाखांनी माणूस येतं. पाण्याच्या टँकरपाशी एक संघ, शौचालयांची वाट दाखवायला एक, प्रथमोपचाराच्या टेबलाशी एक. पायांचे फोड हेच मुख्य दुखणं. फोड फोडायचा नाही, धुवायचा, कोरडा करायचा, वर स्वच्छ पट्टी. हे मुलांना पाठ आहे, पण माउलींचा पाय मांडीवर घेऊन करायचं म्हणजे वेगळं. मागच्या वारीत एक म्हातारी चुकली. फोन नव्हता, गावाचं नाव सांगे पण तालुका सांगता येईना. फक्त एक पाठ होतं: रथामागं, आणि दिंडीचा नंबर. गरुडांच्या नायकानं दोन मुलं रथाच्या पुढे पाठवली नाहीत, हे विशेष; बहुतेक मोठ्यांनी घाबरून चारी दिशांना माणसं पिटाळली असती. त्यानं दोघांना रथामागच्या तळाच्या दोन टोकांना उभं केलं, मधे नंबरांच्या पाट्या वाचत दोघांना चालवलं आणि स्वतः म्हातारीपाशी बसून राहिला. अर्ध्या तासात दिंडी सापडली. दिंडीवाल्यांनी पोरांना जेवायलाच बसवलं. प्रथमोपचाराचं टेबल तेवढा वेळ अर्धं रिकामं राहिलं, त्यावरून वाघांच्या नायकानं नंतर ऐकवलं ते ऐकवलंच.

पैशाचंही एक शिक्षण असतं, त्याला ‘खरी कमाई’ म्हणतात. घरून मागून आणलेला पैसा चालत नाही. काम करून मिळवायचा. गरुडांनी सायकली पुसल्या, एका घरची ज्वारी निवडून दिली, बाजाराच्या दिवशी लिंबू सरबत विकलं. सरबतात तोटा झाला, कारण अर्धं स्वतःच प्यायले. हिशोबाच्या वहीत तो तोटा ‘गळती’ या नावाखाली लिहिला आहे. हा शब्द गणिताच्या सरांनीच सुचवला असावा.

आता ध्येयाचं. वडिलांचं ध्येय ठरलेलं आहे: राष्ट्रपती पुरस्कार, मग रेल्वे. रेल्वेत स्काउट-गाईड कोट्यातून भरती होते आणि त्यासाठी हा पुरस्कार लागतो. जागा मात्र मोजक्या, आणि अर्ज करणाऱ्यांत कल्याण-भुसावळच्या रेल्वे कॉलन्यांत वाढलेली, रेल्वेच्याच पथकांत मुरलेली मुलं असतात. दहावीला मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांचंही आकर्षण असतं. यात काही वाईट नाही. ज्या घरात नियमित पगार आलेला नाही, तिथं मुलाच्या छातीवरचा बिल्ला ही पगाराची आशा असते. पण या आशेनं एक धंदाही उभा केला आहे. चाचणी शिबिरात लॉग बुक दाखवावी लागते, म्हणजे शिबिरांच्या नोंदी, नकाशे, आकृत्या, गाठी. गाठींचे तयार तक्ते विकत मिळतात. आत्या-मावश्या रात्री जागून रंगीत पेन्सिलीनं होकायंत्र काढतात. मी पाहिलेल्या काही वह्या इतक्या सुंदर होत्या की त्यांचा मालक एकदाही पावसात भिजला नसणार याची खात्री पटत होती. गरुडांच्या नायकाची वही तेलकट आहे. ती चुलीजवळ उघडी राहिली होती.

त्याचं स्वतःचं ध्येय विचारलं तर तो आधी वडिलांचंच सांगतो, पाठ केल्यासारखं. थोडा वेळ गेला की दुसरी यादी निघते. पोहणं पक्कं करायचं आहे. विहिरीत येतं, पण वाहत्या पाण्यात भीती वाटते. धाकट्याला प्रथम सोपान पास करवायचा. आणि जांबोरीला जायचं. 2023 च्या जानेवारीत राजस्थानात पालीजवळ रोहटला राष्ट्रीय जांबोरी झाली, तिचे व्हिडिओ त्यानं फोनवर पाहिले आहेत. वाळवंटात हजारो तंबूंचं गाव, देशभरची पोरं. “तिथं स्कार्फ बदलत्यात सर. आपला द्यायचा, त्यांचा घ्यायचा.” नागालँडचा स्कार्फ हवा, असं त्यानं ठरवून ठेवलं आहे. का, ते सांगता येत नाही. नकाशात सगळ्यात लांब दिसतं म्हणून असेल.

मुलींचं गाईड पथक याच शाळेत आहे, आणि त्यांची अडचण वेगळी. त्यांना गाठी लवकर येतात, लॉग बुक त्या स्वतः लिहितात, पण रात्रीच्या शिबिराला घरून परवानगी मिळत नाही. बाई घरोघर जाऊन आयांना समजावतात. आईचं मन वळतं, आजीचं नाही. याच महाराष्ट्रात, पुण्याला आळंदी रस्त्यावर, जगभरच्या गाईड मुलींचं ‘संगम’ हे केंद्र आहे. 16 ऑक्टोबर 1966 रोजी लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते ते उघडलं. लक्ष्मी मजुमदार त्याच्या उभारणीतल्या प्रमुख. जगात अशी केंद्रं बोटांवर मोजण्याएवढी, आणि त्यातलं एक या गावापासून एसटीनं काही तासांवर. परदेशातून मुली एकट्या तिथं येऊन राहतात, आणि इथल्या मुलींना शाळेच्या मैदानावर एक रात्र काढायला सह्या गोळा कराव्या लागतात.

राज्याच्या पातळीवर स्काउटिंगची आठवण अधूनमधून येते. नववी-दहावीला एनसीसी, एमसीसी, आरएसपी यांच्या रांगेत स्काउट-गाईड हाही श्रेणीचा विषय आहे. 2024 मध्ये त्याहून मोठी लाट आली: सरकारी शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणाऱ्या दोन मोफत गणवेशांपैकी एक स्काउट-गाईडच्या धर्तीचा असेल, असं ठरलं. करड्या रंगाचा शर्ट, गडद निळी पँट. कापड वर ठरलं, शिलाई बचत गटांकडे गेली, गणवेश वेळेवर पोचेनात, मापं चुकली, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढे कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आला. मापाचं दुखणं शिंपी दुरुस्त करील. गणवेश अंगावर आला, पण संघ कुठे आहे, नायक कोण, त्याच्या ताब्यात कोणती सहा मुलं, आणि शनिवारी त्यांच्यासाठी थांबणारा मास्तर कोण, हे त्या निर्णयात कुठे दिसत नव्हतं. ब्राउनसीनंतरच्या पोरांनी आधी संघ काढले आणि मग कपड्यांकडे पाहिलं. आपण कपड्यांपासून सुरुवात करतो आणि तिथंच थांबतो.

मास्तर थांबत नाही याला कारणं आहेत. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यातून उरला शनिवार. पथक चालवल्याचा वेगळा मोबदला नाही. शिबिराला नेलेल्या पोराचा पाय मुरगळला तर गावभर जाब मात्र एकट्यानं द्यायचा. मग सोपा मार्ग म्हणजे संघनायकाच्या हाती काहीच न देणं: तंबू शिपायानं लावायचा, स्वयंपाकाला आचारी, मुलांनी ओळीत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. अशी शिबिरं भरपूर होतात. फोटोत ती जास्त नीटनेटकी दिसतात.

गणिताचे सर येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. विज्ञानाचे एक तरुण सर पुढे आले आहेत, बेसिक कोर्स करून आलेत, हौशी आहेत. गेल्या सहलीत दोघांनी मिळून पथक नेलं. परत आल्यावर गरुडांचा नायक गणिताच्या सरांकडे तक्रार घेऊन आला. नवे सर चांगले आहेत, गाणी छान घेतात, पण आमचा तंबू तेच लावतात. आमच्या गाठी सोडून पुन्हा स्वतः मारतात.

“मग सांग की त्यांना.”

“मी कसं सांगू सर? ते सर आहेत.”

“कोर्ट ऑफ ऑनरमध्ये मांड.”

पुढच्या सभेच्या वहीत त्यानं विषय लिहिले आहेत. पहिला, गरुडांची फुटलेली बादली. दुसरा, कमी पडलेल्या सुतळीचा हिशोब. तिसरा, तंबू कोणी लावायचा.